रोजच्या फोटोतलं ताट

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं ताट आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी कुणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्ही म्हणाल, हे ताट असं काय! पण यात दोष माझा थोडा आणि माझ्या जन्माचा जास्त आहे.

माझा जन्म गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात झाला. पत्र्याची गोल चकती, तिच्यावर यंत्राचा एक दणका, मग काठ दुमडायचा आणि फिरत्या चाकावर घासून चकचकीत करायचं, की झालं ताट. तिथून मी भांड्यांच्या दुकानात आलो. रखमाबाईंच्या मामांनी भाचीच्या लग्नासाठी मला निवडलं, ते आधी नखाने वाजवून, मग उजेडात धरून, आणि दोनदा वजन करून घेऊन. दुकानदार चिडला. मला मात्र तो माणूस फार आवडला.

मग माझ्या काठावर नाव घातलं. टकटक ठिपके मारत दुकानदाराने लिहिलं, 'सौ. रखमाबाई दयाराम, गोखिवरे'. भांड्यावर नाव का घालतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? लोक म्हणतात, आठवण राहावी म्हणून. आठवण कसली! बारशाला, पूजेला आळीतली सगळी भांडी एका मांडवात जमतात आणि परत येताना भलत्याच घरी जाऊन बसतात. म्हणून नाव. म्हणजे 'शेजाऱ्यांचा काही नेम नाही' हे अंगावर कोरून घेऊनच मी लग्नाला गेलो. आता सांगा, असं ताट भोळं कसं निघणार?

रखमाबाईंच्या घरी माझे दिवस चांगले गेले. दयारामदादा वाडीत केळी आणि पानवेली लावायचे, आणि पाहुणा आला की मलाच फळीवरून काढायचे. पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, विहिरीचं पाणी मचूळ झालं, वाडी आकसत गेली. रखमाबाईंनी फुलपाड्याकडच्या एका प्राथमिक शाळेत खिचडी शिजवण्याचं काम धरलं. मी फळीवरच राहिलो. कधी काढलं तर पापड वाळत घालायला. ताटाच्या आयुष्यात याहून मोठी उपेक्षा नाही.

मला शाळेत नेलं ते एका फोटोमुळे.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका क्षितिजाबाई. त्यांच्याकडची बरीच मुलं अशी, की आई-वडील दोघंही सकाळीच मुंबईकडे कामाला जातात. संध्याकाळी दमून आल्यावर विचारतात, "आज शाळेत काय झालं?" पोरगं म्हणतं, "काही नाही." काय खाल्लंस? "माहीत नाही." तुम्हीही असंच सांगता, मला ठाऊक आहे. मग घरच्यांच्या मनात शंका येणार नाहीत तर काय होईल? म्हणून बाईंनी पालकांचा एक गट फोनवर काढला. आज कोणती कविता झाली, उद्या काय आणायचं, कुणाच्या वर्गात कोण पडलं आणि किती लागलं, सगळं त्यावर कळवायचं. आणि रोज दुपारी दोन फोटो. एक खिचडीच्या ताटाचा, एक जेवायला बसलेल्या पंगतीचा.

पहिल्या दिवशी शाळेचंच ताट फोटोत घेतलं. त्याला इतके पोचे होते की चांगली वाफाळती खिचडीही शिळी दिसली. गटावर लगेच प्रश्न आला, "हे आजचंच आहे ना?" रखमाबाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्या मला पिशवीत घालून घेऊन आल्या.

काय सांगू मित्रांनो! मधोमध खिचडी, कडेला गाजराचे दोन काप, वर कोथिंबीर, आणि खाली मी, राखेने घासून लख्ख. गटावर अंगठ्यांचा पाऊस पडला. क्षितिजाबाई दारात उभ्या राहून वाचून दाखवायच्या, "मस्त!", "आम्हालाही बोलवा!" मी फुगून गेलो. पण मनातल्या मनात म्हणालोच, हे लोक खिचडीची वाहवा करतायत, पण चव कुणी बघितलीय? मुलांच्या आधी एका पालकाने येऊन चव बघायची आणि वहीत लिहायचं, असा नियम होता. तिथे पाळ्या लावलेल्या होत्या. यायचं मात्र कुणी नाही. दिनानाथ म्हणून एक पालक होते, त्यांचं नाव तर तीनदा येऊन गेलं. तिन्ही वेळा त्यांना ऑफिस होतं.

पुढे मला एक गोष्ट खटकू लागली. फोटो झाला, पंगतीला वाढून झालं, की रखमाबाई माझ्यावर दुसरं ताट पालथं घालायच्या, वरून पदर घ्यायच्या आणि मला उचलून मागच्या बाजूला न्यायच्या. झाकण पडल्यावर मला काय दिसणार? अंधार आणि वाफ. एक दार वाजायचं, खुसफुस व्हायची, झाकण निघालं तरी काळोखच. नंतर मी थेट नळाखाली, रिकामा, आणि तिथून पिशवीतून घरी.

कुठेतरी पाणी मुरत होतं. खिचडी भरलेला मी जातो कुठे? बाई एकट्याच बसून खातात काय? खायचं तर चारचौघांत खावं, ताकाला जाऊन भांडं का लपवावं? जिच्या लग्नात मी आलो, जिने मला तीस वर्षं पोचा पडू दिला नाही, तिच्यावर मी चार दिवस संशय घेतला. आज सांगताना लाज वाटते, पण घेतला.

पाचव्या दिवशी दार जरासं उघडं राहिलं आणि झाकण निघताच मला उजेडात सगळं दिसलं. ती तांदळाच्या गोण्यांची कोठी होती. समोर एका रिकाम्या डब्यावर तिसरीतली ऋतिका बसली होती, मांडीवर हात पुसत.

"गरम हाय, फुकून खा," रखमाबाई म्हणाल्या.

"आईला नाही ना सांगणार?"

"किती येला इचारशील? शबूद दिलाय ना तुला?"

ऋतिकाला तिची आई विनिताताई रोज डबा द्यायची. पहाटे पाचला उठून, कामावर जायच्या आधी, कधी पराठे, कधी शेवयांचा उपमा. "शाळेतलं कशाला खायचं? मी उठते ना तुझ्यासाठी!" असं ती सांगायची. पंगतीचा फोटो होईपर्यंत ऋतिका डबा उघडून शहाण्यासारखी बसायची, कारण आई तो फोटो बघते हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोटो झाला की डबा डावीकडे-उजवीकडे वाटून मोकळी. पराठे खाल्लेली पोरं तोंड उघडायची नाहीत. मग ही कोठीत. संध्याकाळी डबा स्वच्छ रिकामा, म्हणून आई खूश.

रखमाबाईंनी हे क्षितिजाबाईंच्या कानावर घालायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण एका संध्याकाळी त्यांनी दयारामदादांना सांगितलं ते मी ऐकलं. "पोर रोज वाफंकडं बघत बसायची. मी इचारलं, खानार? तर म्हनली, आईला सांगू नका. आता पोरीला हो म्हनलं ते म्हनलं."

आणि मग तो बुधवार आला. क्षितिजाबाई घाईत होत्या, केंद्रावरून तपासणीला कुणीतरी यायचं होतं. त्यांनी मला ओट्यावर ठेवलं ते नेमकं उलट्या बाजूने. रोज भिंतीकडे असायचं ते नाव त्या दिवशी पुढे आलं. फोटो गेला.

दिनानाथांना त्या दिवशी ऑफिस नसावं. त्यांनी फोटो बोटांनी ताणून मोठा केला, ठिपके वाचले आणि लिहिलं, "शाळेच्या ताटावर स्वयंपाकीणबाईंच्या घरचं नाव कसं?" खाली दुसऱ्याचं, "म्हणजे भांडी घरी जातात." तिसऱ्याचं, "भांडी एकटी थोडीच जात असतील!" हे वाचताना क्षितिजाबाईंचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्या म्हणाल्या, "रखमाबाई, आधीच सांगते, माझा विश्वास आहे. पण फोटोनंतर हे ताट कुठे जातं?"

रखमाबाई डाळ धूत होत्या. हात थांबले. "मना इचारू नका, बाई."

आता विश्वास आहे म्हणणाऱ्या बाईंच्याही चेहऱ्यावर मी संशयाची एक रेघ पाहिली. मी तिला चांगलीच ओळखतो.

शनिवारी तिसरीच्या वर्गात सभा बसली. पुराव्यादाखल मला टेबलावर ठेवलं होतं. मुलं बाहेर मैदानात कवायत करत होती. रखमाबाई दाराजवळ उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, सिंपल गोष्ट आहे," दिनानाथ म्हणाले. "शाळेच्या ताटांवर नाव नाही, यावर आहे. बाई, हे ताट घरी जातं की नाही?"

"जातंय की. माजंच ताट हाय. फोटू चांगला याया पायजे म्हनून आनते, घासून परत नेते."

"आणि नेताना रिकामं?"

"रिकामं."

तेव्हा विनिताताई उठल्या. त्यांनी कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. "मला बोलायचंय. माझी मुलगी शाळेतलं खातच नाही, घरचा डबा खाते. त्यामुळे मला पर्सनली काही घेणं-देणं नाही. पण मागच्या आठवड्यात गुरुवारी मी तिची पाण्याची बाटली द्यायला आले होते. मी स्वतः बघितलंय. ताटावर ताट, त्यावर पदर, आणि या मागच्या बाजूला चालल्या होत्या. बाकीच्या मुलांच्या तोंडचा घास आहे तो. सरळ सांगा ना, कोण खातं?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. मित्रांनो, मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, पण त्या क्षणी एकटा मीच खरं काय ते जाणत होतो आणि ताटाला तोंड नसतं.

"मी खाल्लं नाय," रखमाबाई म्हणाल्या. "घरी नेलं नाय. कोन खातंय ते मी सांगनार नाय. शबूद दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर नाय सांगनार."

दिनानाथ हसले. "मग आमचाही नाइलाज आहे. बाई बदला, मॅडम. सोमवारपासून दुसरी बघा. नाहीतर आम्ही वर लिहून देतो."

क्षितिजाबाईंनी मान खाली घातली. रखमाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला घ्यायला पुढे आल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई, ते माझं ताट आहे."

ऋतिका उभी होती. कवायतीतून पळून आली होती, बुटाची एक नाडी सुटलेली. खिडकी उघडी होती आणि आतले मोठे लोक मोठ्याने बोलत होते, एवढं पुरेसं होतं.

"ऋतिका, वर्गात जा. म्हणजे, ग्राउंडवर जा," विनिताताई म्हणाल्या. "तुझं कसं असेल? नाव बघ त्यावर कुणाचं आहे."

"नाव त्यांचं आहे. जेवते मी."

"आणि तुझा डबा?"

"तो वाटते. सगळ्यांना आवडतो."

"मग तुला का नाही आवडत?" विनिताताईंचा आवाज एकदम बारीक झाला.

ऋतिकाने रखमाबाईंकडे बघितलं. मग बुटाच्या नाडीकडे. "आवडतो. पण गार असतो. तू पाच वाजता करतेस ना. आणि तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

विनिताताई मुलांच्या बाकावर बसल्या. त्या बुटक्या बाकावर त्यांचे गुडघे छातीपाशी आले. मग त्यांनी फोन काढला आणि गटावरचे जुने फोटो मागे मागे सरकवायला लागल्या. रोज दुपारी कामावर बसून त्या ज्या ताटाला फोनवर अंगठ्याची दाद देत होत्या, ते मीच होतो. त्यांची लेक काय जेवली, ते रोज त्यांच्या तळहातावर येत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

"हे सगळं तू खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"हो. फक्त मंगळवारच्या खिचडीतली मटकी थोडी ठेवली."

मग सभेत सगळ्यांना एकाएकी कामं आठवली. दिनानाथांनी गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली, ती त्यांच्या हातातच होती. विनिताताई रखमाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या, ओठ हलले, पण रडू आलं आणि त्या लेकीचा हात धरून निघून गेल्या. रखमाबाईंचं काम टिकलं. मला फार आनंद झाला, पण त्या गडबडीत मला घरी न्यायचंच राहिलं आणि मी स्वयंपाकघरातच मुक्कामाला पडलो.

म्हणूनच पुढचं मला कळलं. सोमवारी सकाळी क्षितिजाबाई आणि शाळेतल्या शिक्षिका जीना मिस स्वयंपाकघराच्या दारात फोन बघत होत्या. विनिताताईंनी रविवारी गटावर लांबलचक लिहिलं होतं. 'मी एका प्रामाणिक बाईंवर सगळ्यांसमोर आळ घेतला. त्यांनी माझ्या मुलीला दिलेला शब्द पाळण्यासाठी स्वतःचं काम पणाला लावलं. रखमाबाई, मला माफ करा.' खाली दिनानाथांचे जोडलेले हात. त्याखाली आणखी कितीतरी जोडलेले हात.

"किती छान लिहिलंय," जीना मिस म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचलंय बघा."

रखमाबाई तेव्हा मागे नळावर तांदूळ धूत होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. त्या गटात त्या कधी नव्हत्याच. क्षितिजाबाईंना वाटलं, विनिताताई प्रत्यक्ष येऊन बोलल्या असतील. विनिताताईंना वाटलं, बाईंनी वाचून दाखवलं असेल. दिनानाथांना तर वाटलं, हात जोडले की पोचले. खिचडीतल्या मोहरीपासून सहलीच्या तारखेपर्यंत सगळं ज्या गटावर सगळ्यांना कळतं, तिथली माफी जिची मागितली तिच्याखेरीज सगळ्यांनी वाचली.

त्या दुपारी रखमाबाईंनी मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. आता फोटोत पोच्यांची ताटं असतात म्हणे. ऋतिका पंगतीत सगळ्यांबरोबर बसते आणि डबा सुट्टीत खायला सुकामेव्याचा असतो. हे ऐकून बरं वाटतं. मी पुन्हा फळीवर आहे. याची तक्रार नाही, पापडही वाळवीन.

पण परवा रखमाबाई दयारामदादांना सांगत होत्या ते ऐकलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. शाळा सुटताना फाटकात पालक उभे असतात. ते दिसले, की त्या थांबतात आणि कुणी विचारलेलं नसताना आपली पिशवी उलटी करून दाखवतात. आत काही नाही म्हणून. पालक गोंधळून हसतात. त्यांना वाटतं, बाई पिशवी झटकतायत.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? घ्या, पण त्या माणसाला आधी विचारा, आणि संशय चुकीचा निघाला तर ज्याच्यावर घेतला त्याच्यापुढे जाऊन उभे राहा. बाकी गावाला कळवून काय उपयोग? तुमच्यापैकी कुणी त्या शाळेत असेल, तर माझं एक काम करा. उद्या सुटायची घंटा झाली, की धावत फाटकाशी जा, रखमाबाईंचा हात धरा आणि तोंडाने सांगा, "बाई, पिशवी राहू द्या."